रोमहून ऑर्व्हिएतो : खासगी गाइड घेऊन एका दिवसाची सहल कशी आखावी

रोमच्या उत्तरेस सुमारे सव्वाशे किलोमीटरवर, उंब्रिया प्रांतात, ज्वालामुखीची राख थिजून झालेल्या एका प्रचंड खडकाच्या सपाट माथ्यावर ऑर्व्हिएतो हे गाव वसले आहे. माथ्याच्या सर्व बाजूंना उभे कडे आहेत, त्यामुळे खालच्या स्टेशनावर उतरल्यावर वरची घरे आणि कॅथीड्रलची शिखरे दिसतात, पण तिथे जायची वाट कुठे असेल ते चटकन लक्षात येत नाही. रोमनांच्या आधी या भागात नांदणाऱ्या एट्रुस्कन लोकांनी हा माथा निवडला, इसवी सनपूर्व २६४ मध्ये रोमन सैन्याने तो उद्ध्वस्त केला आणि मध्ययुगात संकटात सापडलेले पोप आसऱ्यासाठी येथेच आले. एका दिवसात समाधानाने पाहून होईल एवढाच या गावाचा पसारा आहे. मात्र येथे जे मोलाचे आहे ते भिंतींवरच्या कथांत आणि पायाखालच्या खडकात असल्यामुळे सांगणारे माणूस सोबत नसेल तर त्यातले निम्मे नजरेतून निसटते. म्हणूनच येथे खासगी गाइडवर केलेला खर्च मला रास्त वाटतो, फक्त तो नेमका कशासाठी होत आहे हे पैसे भरण्यापूर्वी समजून घ्यायला हवे.

गाडी, चालक आणि गाइड या तीन वेगळ्या गोष्टी आहेत

‘खासगी मार्गदर्शित सहल’ या नावाखाली रोममध्ये बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात. इटलीत चालकासह गाडी भाड्याने देण्याचा व्यवसाय वेगळा आहे आणि त्याला वेगळा परवाना लागतो. या गाड्यांना तेथे ‘एनसीसी’ म्हणतात. पर्यटक गाइडचा पेशा त्याहून निराळा आहे. त्यासाठी परीक्षा द्यावी लागते, ओळखपत्र मिळते, आणि २०२३ मध्ये झालेल्या कायद्याने या गाइडांची देशपातळीवर नोंद करण्याची व्यवस्था आणली आहे. उत्तम इंग्रजी बोलणारा चालक वाटेत द्राक्षमळ्यांविषयी आणि पोपांविषयी हवे तेवढे सांगू शकतो. गाडीतून उतरून आपल्याला कॅथीड्रलच्या आत नेणे आणि तेथील चित्रे समजावून देणे हे मात्र त्याचे काम नसते.

हा फरक मी अनुभवाने शिकलो. पहिल्या खेपेस आम्ही चौघांनी मिळून बरीच मोठी रक्कम भरली आणि जाहिरातीतील ‘चालक-गाइड’ या शब्दावर विसंबून निघालो. माणूस सज्जन होता, गप्पिष्टही होता. परंतु कॅथीड्रलच्या चौकात आल्यावर त्याने अदबीने घड्याळ दाखवले, दोन तासांनी येथेच भेटू असे सांगितले आणि तो कॉफी प्यायला निघून गेला. आम्ही त्या भव्य दर्शनी भागासमोर उभे राहून मोबाइलवर माहिती वाचत बसलो. त्याची काहीच चूक नव्हती. आम्ही विचारायला हवे ते विचारले नव्हते.

तेव्हा आरक्षण करण्यापूर्वी लेखी विचारावे, आणि उत्तरही लेखीच मागावे. चालकाखेरीज परवानाधारक गाइड असणार आहे का, तो रोमपासून सोबत येणार की ऑर्व्हिएतोत भेटणार, तो किती तास देणार आणि ते तास कुठून मोजले जाणार, हे प्रश्न पहिले. सांगितलेली रक्कम संपूर्ण गटाची आहे की माणशी आहे हा प्रश्न त्यानंतरचा, कारण याच ठिकाणी सर्वाधिक गैरसमज होतात. महामार्गाचा टोल, पार्किंग आणि प्रवेशतिकिटे त्यात धरली आहेत का, आणि आयत्या वेळी बेत रद्द झाला तर किती पैसे परत मिळतील, हेही त्याच पत्रात यावे. गाइडच्या परवान्याविषयी विचारण्यात संकोच करण्याचे कारण नाही. खऱ्या गाइडला त्या प्रश्नाचा राग येत नाही.

माझी शिफारस : रेल्वेने जावे आणि गाइड गावातलाच घ्यावा

आठ-आठ तास चालक आणि गाडी अडवून ठेवण्यापेक्षा रेल्वेने जावे आणि गावातल्याच गाइडला सकाळच्या तीन तासांसाठी ठरवावे, हे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. रोमच्या तेर्मिनी स्टेशनाहून ऑर्व्हिएतोला थेट गाड्या आहेत आणि प्रवास साधारण सव्वा ते दीड तासाचा आहे. अतिवेगवान गाड्या येथे थांबत नाहीत, त्यामुळे प्रादेशिक किंवा इंटरसिटी गाडीच पाहावी. प्रादेशिक गाडीच्या तिकिटाला आसनक्रमांक नसतो. तिकीट कागदी असेल तर फलाटावरील यंत्रात त्यावर शिक्का मारूनच गाडीत चढावे, मोबाइलवरचे असेल तर सुटण्यापूर्वी त्यावर ‘चेक-इन’ करावे, नाहीतर खिशात तिकीट असूनही दंड भरावा लागतो. आणखी एक सूचना, जी सहसा कोणी देत नाही : तेर्मिनीला या मार्गावरील प्रादेशिक गाड्या काही वेळा ‘एस्त’ अशी खूण असलेल्या, मुख्य दालनापासून बऱ्याच लांबच्या फलाटांवरून सुटतात. तेथे चालत जायला दहा मिनिटे हाताशी ठेवावीत.

गाडी घेण्याला अर्थ उरतो तो दोनच परिस्थितींत. सोबत वृद्ध माणसे किंवा लहान मुले असतील तर दारात येणारी गाडी हे सुख आहेच. दुसरे म्हणजे, त्याच दिवशी चिव्हिता दी बान्योरेज्जो हे सुमारे वीस किलोमीटरवरचे टेकडीवरचे गाव किंवा बोल्सेनाचे ज्वालामुखी सरोवर जोडायचे असेल तर रेल्वेचा उपयोग नाही. चिव्हिता खरोखर देखणे आहे. चहूबाजूंनी झिजत चाललेल्या मातीच्या सुळक्यावर उरलेली मूठभर घरे, आणि तेथे पोहोचायला केवळ पायी जाण्याचा लांब पूल. पण दोन्ही गावे एका दिवसात कोंबली की ऑर्व्हिएतोच्या वाट्याला जेमतेम अडीच तास येतात आणि गावाखालची भुयारे हटकून गळतात. सहलीच्या माहितीत दोन्ही नावे पाहून मोहात पडण्यापूर्वी त्यातील प्रत्येक थांब्याची वेळ मागून घ्यावी, म्हणजे बेत किती ताणलेला आहे ते कळते.

स्वतः गाडी चालवायचा विचार असेल तर एवढेच ध्यानात ठेवावे की गावाचा जुना भाग ‘झेडटीएल’ आहे, म्हणजे परवानगीशिवाय वाहन नेण्यास तेथे मनाई आहे. अशा क्षेत्रांवर कॅमेरे नजर ठेवतात आणि दंडाची नोटीस भाड्याच्या गाडीच्या कंपनीमार्फत कित्येक महिन्यांनी घरी येते. कड्याच्या पायथ्याशी काम्पो देल्ला फिएरा येथे वाहनतळ आहे आणि तेथून सरकत्या जिन्यांनी थेट गावात जाता येते.

तारीख निवडताना

रविवारी सकाळी कॅथीड्रलमध्ये प्रार्थना असते आणि पर्यटकांना दुपारनंतरच मोकळेपणे फिरता येते, म्हणून रविवार शक्यतो टाळावा. कॉर्पस डोमिनीचा, म्हणजे ख्रिस्ताच्या देहाचा, उत्सव बहुधा जूनमध्ये येतो. त्या सणाशी या गावाचे जुने नाते आहे, कारण १२६४ मध्ये पोप चौथ्या अर्बनने तो सर्वत्र पाळण्याचा आदेश ऑर्व्हिएतोतूनच काढला. त्या दिवशीची मध्ययुगीन पोशाखातली मिरवणूक पाहण्यासारखी असते, मात्र तो दिवस मिरवणुकीचाच समजावा, गाव शांतपणे पाहण्याचा नव्हे. वर्षअखेरीस येथे जॅझ संगीताचा महोत्सव असतो, तेव्हाही गर्दी फार. राहिली रेल्वेच्या संपाची गोष्ट. इटलीत संप आधी जाहीर करून होतात. त्याला ‘शोपेरो’ म्हणतात, आणि ज्या दिवशी जायचे त्या दिवसावर हा शब्द लागलेला नाही ना, हे आठवडाभर आधी तपासावे.

आधी भुयारांची वेळ, मग बाकी सर्व

दिवसाची घडी बसवताना पहिला खुंटा भुयारांच्या फेरीचा ठोकावा. गावाखाली बाराशेहून अधिक मानवनिर्मित गुहा आहेत, परंतु त्यांतील सर्वसामान्यांना दाखवला जाणारा मुख्य भाग ठरावीक वेळांना, तेथील संस्थेच्याच मार्गदर्शकासोबत पाहावा लागतो. आपण ठरवलेला खासगी गाइड कितीही जाणकार असला तरी त्या फेरीत बोलणारे माणूस दुसरे असते. म्हणून इंग्रजी फेरीची वेळ आधी निश्चित करावी आणि ती खासगी गाइडच्या तासांबाहेर ठेवावी, नाहीतर त्याच तासाभराचे पैसे दोनदा जातात. कॅथीड्रल, सोळाव्या शतकातली खोल विहीर, भुयारे आणि संग्रहालये यांचे एकत्रित तिकीटही मिळते. ते घेतले तरी भुयारांची वेळ स्वतंत्रपणे नोंदवावी लागते.

गाइडला आधी पाठवायच्या निरोपात गटातील माणसांची वये, कोणाला जिने चढताना त्रास होतो का, आणि कशात विशेष रस आहे हे चार ओळींत लिहावे. एवढ्याने बराच फरक पडतो. चित्रांत रस असणाऱ्यांना तो कॅथीड्रलमधल्या चॅपेलमध्ये, म्हणजे छोट्या प्रार्थनादालनात, तासभर रमवील, मुले असतील तर विहिरीपासून सुरुवात करील.

प्रत्यक्ष दिवस

साडेसात-आठच्या सुमारास रोम सोडले की सव्वानऊ-साडेनऊला ऑर्व्हिएतो स्टेशनावर पोहोचता येते. स्टेशनासमोरच फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी उताराची रेल्वे, उभी असते. १८८८ मध्ये ती सुरू झाली तेव्हा पाण्याच्या वजनावर चालत असे. आजची विजेवरची गाडी १९९० पासूनची आहे. दोन-तीन मिनिटांत ती कड्यातून वर, पियात्सा काहेन या चौकात सोडते. गाइडला भेटायला हीच जागा सांगावी. ‘कॅथीड्रलसमोर’ असे ठरवले तर भाड्याच्या तासांतला पहिला अर्धा तास विहिरीसाठी उलट चालत येण्यात जातो.

विहीर म्हणजे पोत्सो दी सान पात्रित्सिओ, आणि ती या चौकाच्या अगदी लगत आहे. १५२७ मध्ये बादशहा पाचव्या चार्ल्सच्या बेलगाम सैन्याने रोम लुटले तेव्हा पोप सातवा क्लेमेंट निसटून ऑर्व्हिएतोला आला. कडा अभेद्य खरा, पण वेढा पडला तर पाण्याचे काय, या चिंतेने त्याने वास्तुविशारद आन्तोनिओ दा सांगाल्लो धाकटा याला विहीर खणायला लावली. ती पूर्ण व्हायला १५३७ साल उजाडले. तोवर क्लेमेंट मरण पावला होता आणि तिसरा पॉल गादीवर आला होता.

सुमारे ५३ मीटर खोल आणि १३ मीटर रुंद अशा या विहिरीभोवती एकमेकांत गुंफलेले, पण कुठेही एकमेकांना न मिळणारे दोन सर्पिल जिने आहेत. एकावरून पखाली लादायची खेचरे खाली उतरत आणि दुसऱ्यावरून भरलेल्या पखाली घेऊन वर येत, म्हणजे अरुंद वाटेवर दोन जनावरे समोरासमोर येण्याचा प्रश्नच नाही. प्रत्येक जिन्याला २४८ पायऱ्या आहेत. जनावरांसाठी बांधल्यामुळे त्या रुंद आणि बुटक्या आहेत, आणि उतरताना गुडघ्यांना फारसे कळत नाही. बाजूच्या भिंतीत ओळीने कमानदार खिडक्या आहेत. उतरत असताना समोरच्या खिडकीतून दुसऱ्याच जिन्यावरची माणसे वर चढताना दिसतात, आपण आणि ते एकाच उंचीवर असतो, हाक मारली तर ऐकू जाते, तरी भेट होत नाही. तळाशी पाण्यावर एक छोटा पूल आहे. तो ओलांडला की आपण दुसऱ्या जिन्याला लागतो. वर पाहिले तर आकाशाचा नाण्याएवढा तुकडा दिसतो. तळाशी चांगलाच गारवा असतो, म्हणून उन्हाळ्यातही पातळ जाकीट जवळ असावे. ज्यांना हृदयाचा किंवा दम लागण्याचा त्रास आहे त्यांनी मात्र काठावरूनच समाधान मानावे, कारण उतरलेल्या सर्व पायऱ्या चढूनच परत यायचे असते.

तेथून कोर्सो काव्हूर या मुख्य रस्त्याने कॅथीड्रलपर्यंत चालत पंधरा-वीस मिनिटे लागतात. बस आहे, पण चालावे. वाटेत ४७ मीटर उंचीचा मोरो मनोरा लागतो. हवा स्वच्छ असेल आणि पायात अजून बळ असेल तरच तो चढावा.

गल्लीच्या तोंडातून कॅथीड्रल अचानक समोर येते. त्याच्या बाजूच्या भिंती काळ्या बसाल्टच्या आणि पांढऱ्या दगडाच्या पट्ट्यांच्या आहेत, आणि दर्शनी भाग मात्र सोनेरी मोझाइकने झळाळणारा. पायाचा दगड १२९० मध्ये पोप चौथ्या निकोलसने बसवला आणि बांधकाम कित्येक पिढ्या चालले. सिएनाचा लोरेंत्सो माइतानी १३१० मध्ये प्रमुख झाला, आणि दर्शनी भागाची घडण मुख्यतः त्याची. गाइडला येथे आवर्जून थांबायला सांगावे, कारण बहुतेक लोक मान वर करून मोझाइक पाहतात आणि खालच्या चार रुंद खांबांवरचे कोरीवकाम चुकवतात. डावीकडच्या खांबावर बायबलमधील उत्पत्तीची कथा आहे. तिच्यात आदम झोपलेला आहे आणि देव त्याच्यावर वाकून, शस्त्रवैद्याच्या सावधपणाने, त्याच्या कुशीत हात घालून बरगडी काढत आहे. उजवीकडच्या शेवटच्या खांबावर अंतिम न्यायाचा दिवस आहे. गाइड नसता तर या दोन खांबांमध्ये एक सलग गोष्ट आहे हे मला कळले नसते.

आत शिरताना खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. डाव्या बाजूच्या चॅपेलमध्ये १२६३ मध्ये बोल्सेना येथे घडला असे मानल्या जाणाऱ्या, पवित्र भाकरीतून रक्त ठिबकल्याच्या चमत्काराचे रक्तांकित वस्त्र जपलेले आहे. मुख्य वेळ राखून ठेवावा तो उजवीकडच्या सान ब्रित्सिओ चॅपेलसाठी. तेथील छताची चित्रे फ्रा आंजेलिकोने १४४७ मध्ये सुरू केली आणि तो अर्ध्यावर सोडून गेला. पुढे जवळजवळ पन्नास वर्षे काम तसेच पडून राहिले. शेवटी १४९९ मध्ये लुका सिन्योरेल्लीला ते मिळाले आणि १५०४ पर्यंत त्याने चारी भिंती जगाच्या अंताच्या दृश्यांनी भरून टाकल्या. एका भिंतीवर ‘ख्रिस्तविरोधी’ (अँटिक्राइस्ट), म्हणजे जगाच्या अंताआधी येणारा खोटा ख्रिस्त, उपदेश करतो आहे. त्याचा चेहरा ख्रिस्तासारखाच आहे, पण सैतान त्याच्या कानाशी लागून काय बोलायचे ते सांगतो आहे. नीट पाहिले तर सैतानाचा हात त्याच्या झग्यातून असा आला आहे की तो कोणाचा, हे सांगता येऊ नये. त्याच चित्राच्या डाव्या कोपऱ्यात काळ्या वेषात स्वतः सिन्योरेल्ली उभा आहे आणि त्याच्या मागे फ्रा आंजेलिको. शेजारच्या भिंतीवर मेलेली माणसे पांढऱ्या सपाट जमिनीतून स्वतःला वर ओढत आहेत. काहींचे अंग अजून निम्मे जमिनीत आहे, काही सांगाडेच आहेत आणि त्यांना मांस चढायचे आहे. मायकलअँजेलोने सिस्टिन चॅपेलमधील अंतिम न्यायाचे चित्र याच्या तीन-चार दशकांनंतर रंगवले. म्हणून व्हॅटिकनची भेट ऑर्व्हिएतोनंतर ठेवता आली तर तिची गोडी वाढते. (सिन्योरेल्लीचे नाव मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड याला एका प्रवासात काही केल्या आठवेना, आणि त्या विस्मरणावर त्याने १८९८ मध्ये लेख लिहिला. आपल्या गाइडने ही गोष्ट सांगितली नाही तर आपण त्याला सांगावी.)

येथे साधारण एक वाजतो आणि गाइडचे तास संपतात. जेवणापूर्वी त्याला निरोप द्यावा, कारण जेवणाचा तासही भाड्यात मोजला जातो. स्वयंपाकघरे बहुधा अडीचच्या सुमारास बंद होतात आणि मग संध्याकाळपर्यंत गरम जेवण मिळणे कठीण, म्हणून जेवण पुढे ढकलू नये. शाकाहारी माणसाची येथे अडचण होत नाही. उंब्रिकेल्ली या जाडसर, हाताने वळलेल्या शेवया टोमॅटोच्या किंवा काळ्या ट्रफलच्या, म्हणजे जमिनीखाली वाढणाऱ्या सुगंधी अळंबीच्या, रसात मिळतात. बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी छोटी रक्कम लावलेली दिसेल. ती बसण्याची आकारणी आहे, बक्षिसी नव्हे.

जेवणानंतर भुयारे. एट्रुस्कन काळातील अरुंद उभ्या विहिरी, त्यांच्या भिंतीत उतरणाऱ्याच्या पायांसाठी कोरलेल्या खोबण्या, आणि मध्ययुगातला तेलाचा घाणा हे सर्व या फेरीत येते. मला सर्वांत लक्षात राहिली ती कबुतरांची खोली. भिंतभर एकसारखे चौकोनी कोनाडे कोरलेले, आणि कड्याच्या बाहेर उघडणारी एक खिडकी. कबुतरे दिवसा त्या खिडकीतून दरीत उडून स्वतःचे पोट भरत आणि रात्री परत येत. धन्याला दाण्याचा खर्च नाही, आणि वेढ्याच्या काळात मांसाची सोय घरच्या घरी. काही वाटा इतक्या अरुंद आहेत की धिप्पाड माणसाला तिरके व्हावे लागते. बंद जागेची भीती असणाऱ्यांनी हे आधी जाणून असावे.

उरलेल्या वेळात पश्चिमेकडे, सान जोव्हेनाले या जुन्या चर्चच्या बाजूला फिरावे. तेथे गर्दी नसते आणि कड्याच्या काठावरून दरी उघडी दिसते. निघण्यापूर्वी मात्र पुन्हा एकदा कॅथीड्रलच्या चौकात यावे. दर्शनी भाग पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी सावलीत निस्तेज दिसलेले मोझाइक उतरत्या उन्हात पेटून उठते. चौकाच्या भिंतीलगतच्या दगडी बाकावर बसून ते अर्धा तास पाहावे, आणि परतीची गाडी त्यानुसारच निवडावी. प्रादेशिक तिकिटाची हीच सोय आहे की त्या दिवशीची एक गाडी सोडून पुढची पकडता येते. फक्त फ्युनिक्युलरची शेवटची फेरी किती वाजता आहे ते सकाळी वर पोहोचताच फलकावर पाहून ठेवावे. ती चुकली तर स्टेशनापर्यंत बसची किंवा टॅक्सीची सोय शोधावी लागते, आणि अंधारात कड्याची वाट पायी उतरणे कोणालाच सुचवण्यासारखे नाही.